पाठमोऱ्या नावाड्याचे दिवे

फार पूर्वी, ज्या काळाची नोंद कोणी ठेवली नाही अशा काळी, एका रुंद खाडीच्या काठी एक नावाडी राहत असे. वडिलांनी फणसाच्या लाकडातून घडवलेली होडी, एवढीच त्याची मिळकत. चाळीस वर्षे तिनेच त्याला पोसले होते.

त्या खाडीत धुके फार. होड्या एकमेकींवर आदळत, माणसे बुडत. म्हणून राजाने हुकूम काढला की प्रत्येक होडीने डाव्या अंगाला तांबड्या काचेचा आणि उजव्या अंगाला हिरव्या काचेचा दिवा लावावा. दुसऱ्या होडीच्या दोन दिव्यांतला तांबडा आपल्या डाव्या हाताला दिसला, तर ती आपल्यापुढे त्याच दिशेने चालली आहे. उजव्या हाताला दिसला, तर ती आपल्याकडे येते आहे.

नावाड्याने दिवे आणले. ते घडवणारा कारागीर म्हणाला, "तारीबाबा, बसवून देऊ का?"

"मला डावं-उजवं शिकवतोस? जेवतो तो हात उजवा."

तो आपल्या फळीवर बसला, दोन्ही हात पसरले आणि डाव्या हाताला तांबडा, उजव्या हाताला हिरवा दिवा ठोकून मोकळा झाला. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वल्ही मारणारा माणूस होडीच्या तोंडाकडे पाठ करून बसतो. त्याचा डावा हात म्हणजे होडीचे उजवे अंग.

त्याची बायको मागच्या फळीवर, त्याच्याकडे तोंड करून बसे. ती म्हणाली, "अहो, तांबडा दिवा माझ्या उजव्या हाताला आलाय."

"मग तू उलटी बसली आहेस."

"होडी जाते तिकडेच बघतेय मी. उलटे तुम्ही बसलाय."

"चाळीस वर्षं इथंच बसतोय," तो म्हणाला. त्याच्या लेखी वाद तेथे मिटला.

पूर्वी धुक्यात तो सतत हाका देत असे. आता तेही त्याने सोडले. दिवे असताना घसा कशाला कोरडा करायचा?

एका संध्याकाळी पैलतीरावरचा बाजार आटोपून दोघे परतत होती. धुके दाटले होते. बायकोला समोर एका गलबताचे दिवे दिसले. तांबडा उजवीकडे होता.

"आपल्याकडेच येतंय ते. हाक द्या."

"आपले दिवे दिसतायत त्यांना. वळतील."

गलबताच्या तांडेलाला दिवे खरोखरच दिसले. तांबडा त्याच्या डाव्या हाताला होता. होडी पुढे चालली आहे, असे त्याने नियमाप्रमाणे ताडले आणि सुकाणू हलवले नाही.

फणसाची होडी मधोमध फुटली. तांडेलाने दोर टाकून दोघांना वर घेतले.

"दिवे दिसले नाहीत का तुला?" नावाड्याने विचारले.

"दिसले, बाबा. तुम्ही पुढं चाललात, असं सांगत होते ते. हाक तरी द्यायचीत."

नावाडी गलबताच्या फळीवर टेकला. कितीतरी वर्षांनी तो नाव जाते त्या दिशेला तोंड करून बसला होता. गलबताचा तांबडा दिवा त्याच्या डाव्या हाताला जळत होता. बायकोने तो पाहिला, आणि ती ओला पदर पिळू लागली.

त्यानंतर त्याने दुसऱ्यांच्या होड्या वल्हवल्या. स्वतःची होडी त्याला पुन्हा लाभली नाही.

तात्पर्य: जी खूण दुसऱ्यांसाठी असते, ती आपल्या जागेवरून उठून, त्यांच्या जागी उभे राहून पारखावी.