ठिपकी मुंगी आणि पपईची बी

मुंगी होती एक. इतकी इवली, की घरच्यांनी तिचं नावच ठेवलं ठिपकी.

एका सकाळी ठिपकीला परसात पपईची बी सापडली. काळी काळी, गोल गोल, वरून ओली, चाटली तर गोड. वारुळात नुकती जन्मलेली पिल्लं होती. भुकेली. ठिपकीनं बी उचलली आणि निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत वाफा. वाफ्यात माती. मातीला भेग. बी घसरली. टुपकन आत पडली. गडप.

ठिपकीनं भेगेत डोकावलं. आता पिल्लांना काय देऊ?

"मातीमाय, मातीमाय, माझी बी दे."

माती म्हणाली, "कशी देऊ गं? मी कोरडी. माझं तोंड उघडेना. जाईच्या न्हाणीचं पाणी रोज मोरीतून इकडं येतं. आज पाणी येईना."

जाई म्हणजे त्या घरातली तान्ही पोर. पाच महिन्यांची.

ठिपकी गेली पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पाणी होतं तपेल्यात. तपेलं होतं चुलीवर.

"पाणीदादा, पाणीदादा,
माझी बी मिळेना.
माती म्हणे, पाणी येईना.
इवलीशी मी, जाऊ कुठं?"

पाणी हललं. डुबुक डुबुक. "येतो की. आधी मी तापणार, मग जाई न्हाणार, मग मी मोरीतून पळणार. पण गार पाण्यानं कुणी तान्ह्या पोरीला न्हाऊ घालतं का? चूल पेटेना."

ठिपकी गेली चुलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. चूल राख पांघरून निजलेली.

"चूलमावशी, चूलमावशी,
माझी बी मिळेना.
माती म्हणे, पाणी येईना.
पाणी म्हणे, चूल पेटेना.
इवलीशी मी, जाऊ कुठं?"

चुलीनं जांभई दिली. "माझी मीच पेटू होय? फुंकणी कोण फुंकणार? आई येईना."

ठिपकी गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. आई ओटीवर येरझारा घालत होती. खांद्यावर जाई. जाईचं रडं काही थांबेना.

"जाईच्या आई, जाईच्या आई,
माझी बी मिळेना.
माती म्हणे, पाणी येईना.
पाणी म्हणे, चूल पेटेना.
चूल म्हणे, आई येईना.
इवलीशी मी, जाऊ कुठं?"

आई म्हणाली, "बाई गं, तुला सहा पाय. मला दोनच हात, आणि दोन्हींत ही. तीनदा कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही. पोट मऊ आहे. तरी रडते. जाई सोडेना."

ठिपकी चढली पदरावर. पदरावरून खांद्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"जाईबाळ, जाईबाळ,
माझी बी मिळेना.
माती म्हणे, पाणी येईना.
पाणी म्हणे, चूल पेटेना.
चूल म्हणे, आई येईना.
आई म्हणे, जाई सोडेना.
इवलीशी मी, जाऊ कुठं?"

जाईला बोलता कुठं येतं? पण मुंग्यांना बाळांचं कळतं. जाई भुईकडे बघत होती. रोज तिथं उन्हाचा कवडसा यायचा. जाई त्याला धरायची. तो निसटायचा. आज भुई नुसतीच. जाई म्हणाली, "ऊं ऊं. ऊन दिसेना."

ऊन राहतं वर. ठिपकी भिंत चढली. वासा चढली. कौल चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि थांबली.

बाई बाई, केवढं ते ऊन. झाडांवर ऊन. डोंगरावर ऊन. आभाळभर ऊन. एवढ्या मोठ्याशी बोलायचं तरी कसं? ठिपकीनं अंग चोरलं. हळूच म्हणाली,

"ऊनआजोबा, ऊनआजोबा,
माझी बी मिळेना.
माती म्हणे, पाणी येईना.
पाणी म्हणे, चूल पेटेना.
चूल म्हणे, आई येईना.
आई म्हणे, जाई सोडेना.
जाई म्हणे, ऊन दिसेना.
इवलीशी मी, जाऊ कुठं?"

ऊन खाली वाकलं. "तुझ्या पायाशी बघ. कौलाची फट. फटीत शेवग्याचं वाळकं पान. मी एवढा मोठा, पण मला हात नाहीत. पान हलेना."

ठिपकीनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. विचारायला आता कुणी उरलंच नव्हतं.

मग तिनं सहा पाय रोवले. डोकं लावलं. हूं... हूं... हूं...

भिर्रर्र.

पान हललं.
ऊन दिसलं.
जाई हसली, खुदकन. जाईनं सोडलं.
आई आली.
चूल पेटली, भुरुभुरु.
पाणी तापलं. जाई न्हाली, छपक छपक. पाणी आलं, खळखळ खळखळ.
माती भिजली. मातीनं तोंड उघडलं.

"मातीमाय, दे माझी बी."

"देते. पण थोडी थांब. तोवर हे ने." पाण्याबरोबर जाईच्या अंगाचं डाळीचं पीठ आलं होतं, सायीत कालवलेलं. पिल्लांची पोटं भरली.

जाई रोज न्हायची. पीठ रोज यायचं. ठिपकी रोज वाफ्याशी येऊन बसायची.

एका सकाळी माती फुगली. मातीतून आली एक हिरवी मान. मानेवर काळी टोपी. ठिपकीची बी.

ठिपकी वर चढली. आत डोकावली. बी रिकामी. नुसतं टरफल. मग आतलं गेलं कुठं?

टोपी पडली. दोन पानं उघडली. ठिपकी बघतच राहिली.

जाई बसायला लागली, तेव्हा झाड आईच्या गुडघ्याला आलं. जाई रांगायला लागली, तेव्हा झाड आईच्या खांद्याला आलं. जाई भिंत धरून उभी राहिली आणि झाडाच्या गळ्याशी हिरव्या पपया लागल्या. एक, दोन, पाच, सात. जाईनं बोट दाखवलं. आईनं ते हळूच वाकवलं. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवू नये, फळ कुजतं, म्हणाली.

जाईनं बोट वाकवलं. फळ कुजलं नाही. पिवळं झालं. केशरी झालं.

आईनं पपई कापली. फोडी जाईला. बिया आणि साली वाफ्याच्या कडेला.

माती म्हणाली, "ठिपके, घे तुझी बी."

ठिपकीनं बघितलं. काळ्या काळ्या, गोल गोल, ओल्या, गोड. केवढा ढीग.

"मातीमाय, यांतली माझी कोणती?"

माती म्हणाली, "सगळ्याच."

ठिपकीनं ढिगाभोवती एक चक्कर मारली. मग वारुळाकडे पळाली, सगळ्यांना बोलवायला. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.