बेहड्याच्या ढोलीतला मध

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांना नावं नव्हती आणि माश्यांना बोलायला येत होतं. एका डोंगराच्या पोटात ऐनाचं जुनं झाड होतं. त्या झाडाच्या ढोलीत सातेरी जातीच्या मधमाश्यांचं पोळं होतं, आणि त्या पोळ्यात नाचरी नावाची एक माशी होती.

नाचरी म्हणजे पोळ्याची शान! कुठं फुलं सापडली की ती परत येऊन पोळ्यावर थरथरत सरळ रेघ चालायची, वळायची, पुन्हा तीच रेघ चालायची. रेघ जिकडं, फुलं तिकडं. तिच्या मागोमाग निघालेली माशी कधी रिकामी परत आली नव्हती, आणि हे नाचरी सगळ्यांना दिवसातून दोनदा ऐकवायची.

त्या वर्षी पाऊस काही हटेना. फुलं कुजली, साठवलेला मध संपत आला, पिल्लं भुकेनं वळवळू लागली. आणि अशा वेळी, एका उघडिपीत, नाचरीला बेहड्याच्या झाडात एक ढोली दिसली.

आत मध होता. पोळ्याची घरंच्या घरं भरलेला! आणि दाराशी पहारेकरीण एकसुद्धा नाही!

नाचरीचे पाय थाऱ्यावर राहिनात. तिनं पोट फुटेस्तोवर मध प्यायला, घरी आली आणि अशी नाचली, अशी नाचली की सगळं पोळं गुणगुणायला लागलं.

"चला गं चला! आयता मध! कुणी अडवणारं नाही, कुणी चावणारं नाही!"

तेवढ्यात तिच्या डोक्यावर कुणाचं तरी डोकं आपटलं. टूं! पुन्हा आपटलं. टूं! माश्यांच्या राज्यात याचा अर्थ एकच असतो: नाच थांबव, तिकडं धोका आहे.

डोकं आपटणारी होती हुंगरी. तिचं काम कुणालाच आवडत नसे. पिल्लांची झाकलेली घरं हुंगत फिरायचं, आतली अळी आजारी वाटली की झाकण फोडायचं, अळी ओढून काढायची आणि लांब टाकून यायचं. पिल्लांना भरवणाऱ्या दाया तिला पाहिलं की तोंड फिरवत.

"तुझ्या अंगाला कसला तरी वास येतोय, नाचरे," हुंगरी म्हणाली. "ज्या घरात एवढा मध आहे, तिथं पहारा का नाही? विचारलंस का कुणाला?"

"विचारायला होतंच कोण तिथं!" नाचरी फणकारली. "तुला मेलीला सगळीकडं मरणच दिसतं. हो बाजूला!"

भुकेल्याला दम कुठला? थवेच्या थवे बेहड्याकडं सुटले. दिवसभर ये-जा, ये-जा! संध्याकाळी पोळं मधानं जड झालं, पिल्लांची पोटं भरली, आणि नाचरीचं कौतुक करता करता सगळ्यांची तोंडं दुखली.

थोड्याच दिवसांत हुंगरीची धावपळ सुरू झाली. हे झाकण फोड, ते झाकण फोड. आत अळ्या पिवळ्या पडून पाण्यानं भरलेल्या पिशव्यांसारख्या झाल्या होत्या. दायांनी आकांत मांडला.

"कसाईण आहे ही! हाकला हिला!"

नाचरीही त्यांच्यातच होती. पण मनात कुठंतरी काटा सलत होता. ती गुपचूप बेहड्याकडं उडाली.

ढोलीच्या दारातून एक म्हातारी माशी चालत बाहेर येत होती. पंख थरथरत होते, उडता येत नव्हतं.

"आजी, पोळं सोडून कुठं निघालात?"

"लांब. आजारी माशीनं घरात मरू नये, एवढी एकच रीत आम्ही शेवटपर्यंत पाळली," म्हातारी म्हणाली. "तूच का आमचा मध नेणारी? आमच्याकडंही एक हुंगणारी होती बरं का. पिल्लांना ओढून टाकते म्हणून आम्हीच तिला हाकललं. मग रोगानं पाय पसरले. बाहेर गेलेल्या वाट चुकल्या, पहाऱ्याला कुणी उरलं नाही. त्या मधात आमचा रोग आहे, पोरी."

नाचरी वाऱ्यासारखी घरी आली आणि दायांच्या गराड्यात घुसली. दाया हुंगरीला दाराकडं ढकलत होत्या.

"सोडा तिला!" नाचरी ओरडली. "रोग मी आणलाय. तिला हाकललंत तर उद्या या दारालाही पहारा उरणार नाही!"

मग मात्र सगळं पोळं कामाला लागलं. हुंगरी हुंगेल ते घर फोडायचं, दाखवेल ती अळी बाहेर काढायची. रडत रडत दायाही झाकणं फोडू लागल्या. बेहड्याच्या मधाची घरं मेण आणि राळ लावून कायमची लिंपून टाकली. रोग आटोक्यात आला, पण भूक मात्र परत दारात येऊन बसली.

नाचरी भल्या पहाटे निघाली. उडत राहिली, उडत राहिली, पलीकडच्या डोंगराची धार ओलांडली, आणि हवेतच थबकली.

अख्खा डोंगर जांभळा! कारवी! सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी! पोळ्यातल्या एकाही माशीनं ती पाहिली नव्हती, नुसतं नाव ऐकलं होतं. नाचरीला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन ती बेभान नाचली. माश्या उत्साहानं उडाल्या आणि रिकाम्या परत आल्या.

"तिथं तर नुसते खडक आहेत गं, नाचरे. तुझी रेघ वाकडी पडली."

नाचरीची रेघ आजवर कधी वाकडी पडली नव्हती. तिनं आपल्या पंखांकडं पाहिलं. ते थरथरत होते, बेहड्याच्या त्या म्हातारीसारखे.

हुंगरी जवळ यायला निघाली.

"येऊ नकोस!" नाचरी म्हणाली. "कसला वास येतोय, मला ठाऊक आहे."

ती दारातून बाहेर पडली आणि समोरच्या आडव्या फांदीवर जाऊन बसली. पोळ्यातल्या अंधारात रेघ अंगाला अंग लावूनच कळायची; इथं अंधार नव्हता. पहाटे ओलांडलेली डोंगराची धार उन्हात समोर दिसत होती.

"अंगाला अंग लावू नका, नुसतं लांबून बघा," ती म्हणाली. "हुंगरे, तू बघ. तुझी नजर पक्की. रेघ वाकली तर सांग."

नाचरी चालू लागली. पाऊल घसरलं.

"टूं!" दारातून हुंगरी ओरडली. "वाकली!"

नाचरी पुन्हा सुरुवातीला आली. डोळे त्या धारेवर रोवले. पंख थरथरत होते, पण पाय सरळ पडत होते. एकदा, पुन्हा, आणि आणखी एकदा.

"सरळ!" हुंगरी ओरडली. "अगदी सरळ गं, बाई!"

माश्यांचा थवा सणसणत त्या रेघेनं सुटला. नाचरीनं तो डोंगरापार होईपर्यंत पाहिला. मग ती दुसऱ्या दिशेला वळली आणि हळूहळू उडत दिसेनाशी झाली.

संध्याकाळी पोळ्यात कारवीचा मध आला, घट्ट आणि सुगंधी. पिल्लं जगली, पोळं वाढलं. तेव्हापासून त्या ढोलीत कुणी कितीही आनंदाची बातमी घेऊन आली, तरी आधी पोळ्यातली हुंगणारी तिला हुंगते आणि मगच नाच सुरू होतो. आणि नाचणारी कुणी त्याबद्दल कुरकुरत नाही.

तात्पर्य: आयतं मिळालेलं घरात आणण्याआधी पारखावं, आणि पारखणारा कडू बोलला तरी त्याला दूर लोटू नये.