लहानूचे हात

"नेमकं चुकलंय कुठे, ते एकदा तरी सांगाल का, मास्तर?"

हे दहावं चित्र होतं. आधीची नऊ मास्तरांनी काही न बोलता पालथी घालून ठेवली होती.

सौमित्र सहा वर्षं परदेशात चित्रकला शिकून आलेला. गणपुले मास्तर चाळीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात बसून शाईने चित्रं काढत आलेले. ते हो म्हणाले, तरच साप्ताहिकात चित्र छापलं जाई. अंक आज सहाला छपाईला जायचा होता. परवा लहानूचा निकाल.

लहानूवर विहिरीवरचा पंप चोरल्याचा आरोप होता. तो निर्दोष आहे, याबद्दल सौमित्रला तिळमात्र शंका नव्हती. गावाने चित्र पाहावं आणि पेटून उठावं, एवढंच त्याला हवं होतं.

मास्तरांनी चष्मा लावला.

न्यायाधीश घुबड. सरकारी वकील गिधाड. आरोपीच्या पिंजऱ्यात लहानू, ताठ उभा, मनगटांत जाडजूड बेड्या.

"जजसाहेबांना मान नाही का रे?"

"मास्तर, ही अभिव्यक्ती आहे!"

"असेल बाबा. बेड्या होत्या?"

"डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या."

"मग तुला कशाने दिसल्या?"

सौमित्रने कपाळावर हात मारला. "अहो, ही सगळी व्यवस्थाच बेडी आहे! तुम्हाला एवढंही..."

"बरं. बेड्या नव्हत्या. मग त्याच्या हातांत काय होतं?"

"हातांत? हातांत काय असणार?"

"आठ दिवस त्याच्यासमोर बसतोयस ना? जा. कोर्ट उठायला अजून तास आहे."

"मास्तर, सहाला छपाई आहे!"

"मग पळ."

तो पुटपुटत गेला. पाचच्या आत परत आला आणि दारातच उभा राहिला.

"चपला."

"हं."

"देवळात काढाव्या तशा दाराशी काढतो, आणि हातात धरून उभा राहतो. शिपाई रोज खेकसतो, तरी. आज विचारलं मी लहानूला, बाहेर का ठेवत नाहीस म्हणून."

"मग?"

"म्हणाला, दादा, बाहेर ठेवल्या की कुणीतरी चोरतं."

मास्तर हसले नाहीत. सौमित्रही नाही.

त्याने जुनं चित्र पुढे ओढलं. "आता या बेड्या खोडू कशा? शाई आहे."

"घालताना विचारायचं होतंस."

त्याने नवा कागद घेतला. या वेळी जजसाहेबांना मान आली. ते चष्मा पुसत होते. वकील जांभई दाबत होता. आणि लहानू खांदे पाडून उभा, दोन्ही चपला छातीशी धरलेल्या. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला.

सहाला दहा कमी होते. मास्तर कागदावर हलकेच फुंकर घालत राहिले.

सौमित्रला राहवेना. "छापाल तुम्ही, ठाऊक आहे मला. पण यात राग कुठाय, मास्तर? हे बघून कोण पेटणार?"

मास्तरांनी शाई वाळली का ते पाहिलं. कागद त्याच्या हातात दिला.

"ते मला नाही माहीत. पण हा सुटला, तर चपला घालून चालत घरी जाईल."