वाळलेली कणीक

“...पण हात परत येईल ना, बुवा? तेवढं सांगा.”

मठातली आरती नुकतीच आटोपली होती. मांडीवरच्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला आवाज घुमावा म्हणून लावलेली ओली कणीक सिदूबुवा बोटानं खरवडून काढत होते.

समोर विश्वंभर बसला होता. एकेकाळचा बुवांचा सगळ्यांत तयार शिष्य. पंचक्रोशीत असा हात नाही, म्हणायचे लोक. आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं, तिथंच तर घोडं पेंड खात होतं! आता उजव्या हाताची तीन बोटं बधिर. शीर दुखावली, फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याचा तांब्यासुद्धा डाव्या हातानं उचलायचा.

“किती तास वाजवायचास?”

“सोळा. कधी अठरा.” सांगतानाही मान जराशी ताठ झालीच. मेली सवय!

“आणि निजायचास कधी?”

“निजायचो की. पण बोटं थांबायची नाहीत, बुवा. गादीवर बोल वाजत राहायचे. बायको म्हणायची, अहो, जरा दमानं... मी हसायचो.”

बुवा उठले. कोपऱ्यातला एक पखवाज आणून त्याच्यापुढे ठेवला. विश्वंभरनं तो लगेच ओळखला. मठ सोडताना त्यानंच टाकून दिलेला. डाव्या तोंडाला मधोमध चीर, आणि दगडासारखी वाळलेली कणीक तशीच चिकटलेली.

“ही का काढली नाहीस?”

“सकाळी परत लावायचीच की. खरवडा, नवी मळा... तेवढ्यात बोलांचे दोन रेले घोटून व्हायचे.”

“मग कातडं फाटलं कधी? वाजवताना?”

विश्वंभर आठवू लागला...

“नाही. रात्री चांगलं होतं. सकाळी उठून बघतो, तर चीर.”

“म्हणजे नुसतं पडल्यापडल्या, वाळत्या कणकेच्या ओढीनं.”

“हो...”

म्हणाला आणि त्याची मान खाली गेली. “चुकलं, बुवा. फार चुकलं. बैलाचंसुद्धा जू उतरवतात माणसं.”

बुवांनी त्याची बधिर बोटं हातात घेतली. एकेक दाबून पाहिलं.

“घास उचलता येईल,” ते म्हणाले. “पखवाज... नाही.”

मग मात्र विश्वंभरला रडू आवरेना. बापई माणूस, पण हुंदके देऊन रडला. रडता रडता एकदम उसळला, “मग तेव्हा कान का नाही धरलात माझा? दोन मुस्काटात द्यायच्या होत्यात!”

बुवांनी त्याची बोटं हळूच सोडली.

“अमावास्येला वाद्याला हात लावायचा नाही, ही मठाची रीत. तू गोठ्यात जाऊन वाजवायचास.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“बाहेर भिंतीला टेकून उभा असायचो मी... फार गोड वाजायचं रे.”