टिटवीचा खेळ आणि पाच पंच

एका जंगलात एक ससा राहत असे. स्वभावाने भला, पण भारी घाबरट. कोणी विचारले, "सशा, आज थंडी आहे का रे?" तर तो आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघे, त्याला कोणते उत्तर हवे आहे याचा अंदाज घेई आणि मगच बोले. असल्या सशाला त्या वर्षी जंगलाने पंच नेमले. जंगलाचीही कमालच म्हणायची!

पंच कशाचा, ते सांगते. त्या जंगलात दर हिवाळ्यात सावल्यांचे खेळ होत. तळ्याच्या एका बाजूला पांढरा सपाट कातळ होता आणि दुसऱ्या बाजूला टेकाड. दिवस कलला की खेळ करणारे टेकाडावर उभे राहत, पाठीमागून ऊन येई आणि त्यांच्या सावल्या समोरच्या कातळावर हलू लागत. त्यांचा सिनेमाच म्हणा ना! दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावरच पाच पंच सगळ्यांदेखत एकेक खडा उचलून आपल्याला आवडलेल्या खेळापुढे ठेवत. ज्याचे खडे जास्त, त्याला वर्षाचा मान मिळे. ज्याच्यापुढे एकही खडा पडला नाही, त्याला आणि त्याच्या पिल्लाबाळांना मात्र पुन्हा कधी खेळ करायला टेकाडावर चढता येत नसे. नियम कडक होता, पण तो आजवर कोणाला भोवला नव्हता. एखादा खडा कोणी ना कोणी ठेवतच असे.

त्या वर्षी सशाबरोबर हत्ती, गवा, अस्वल आणि कोल्हा पंच होते. खेळ दोनच होते, मोराचा आणि टिटवीचा. साळुंक्यांनी निकाल केव्हाच लावून टाकला होता. "यंदाचा मान मोरालाच मिळायला हवा!" असा त्यांनी फांदीफांदीवर कलकलाट चालवला होता. खेळ अजून व्हायचे होते हं, मुलांनो!

मोराने पिसारा उभारला तेव्हा सगळा कातळ सावलीने झाकून गेला. मोर नाचला, त्याने गिरक्या घेतल्या, तो पुन्हा नाचला. गोष्ट काय होती ते कोणालाच सांगता आले नसते, पण ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसले.

मग टिटवी उभी राहिली. तिची सावली ती केवढीशी! घरट्याकडे शत्रू येताना दिसला की टिटवी लंगडण्याचे सोंग करते आणि त्याला आपल्यामागे दूर घेऊन जाते, हे तुम्हाला ठाऊक असेल. खेळातली आई रोज तसेच सोंग करी आणि पिल्लांना वाचवी. एके दिवशी तिचा पाय खरोखरच मोडला. शत्रू समोर, आणि तिला हलताही येईना. तेव्हा तिचे इवलेसे पिल्लू पुढे झाले आणि आईसारखेच लंगडत, धडपडत शत्रूला दूर घेऊन गेले. खेळ संपला. कोणी ओरडले नाही की कोणी जागचे हलले नाही.

सशाचे डोळे भरून आले होते. त्याने ते घाईघाईने पुसले आणि इकडेतिकडे पाहिले. सगळे गप्प! 'कोणालाच आवडला नाही की काय? मग मलाच का आवडला? मला खेळातले काही कळत नाही, असेच असेल!'

अंधार पडायच्या आत तो अस्वलाकडे गेला. "अस्वलदादा, तुम्हाला कोणता खेळ बरा वाटला?"

"आधी तू सांग," अस्वल म्हणाले.

"मी आपला असाच विचारत होतो," असे म्हणून ससा सटकला आणि त्याने कोल्ह्याला गाठले.

कोल्हा शेपटी सावरत म्हणाला, "आवडण्याचे काय घेऊन बसलास? साळुंक्या काय म्हणतात ते ऐकलेस ना? उगीच मोराशी वाकडे कशाला घ्यायचे?"

ससा बिळात परतला, पण त्याचा डोळा लागेना. टिटवीला एक खडा तरी पडायलाच हवा, हे त्याला कळत होते. नाहीतर बिचारीचा खेळ कायमचा बंद. 'पण तो मीच कशाला ठेवायला हवा?' त्याने मनाची समजूत घातली. 'हत्तीदादा ठेवतील. त्यांना कोणाची भीती?'

सकाळ झाली. थोरामोठ्यांनी आधी जायचे, अशी रीत होती. हत्ती डुलत डुलत गेला, दोघांच्या मध्ये क्षणभर थांबला आणि त्याने मोरापुढे खडा ठेवला. सशाने गव्याकडे पाहिले. 'असू दे, अजून गवा आहे.' गव्याने हत्तीकडे पाहिले आणि खडा मोरापुढे ठेवला. अस्वलाने मान खाली घालून तेच केले. कोल्ह्याचे तर ठरलेलेच होते.

आता उरला ससा, आणि त्याच्या पंजातला शेवटचा खडा. मोराला त्याची गरजच नव्हती, मान त्याला मिळून चुकला होता. टिटवी मात्र पिल्लांना पाठीशी घेऊन त्या खड्याकडे एकटक पाहत होती. सशाने तिच्या दिशेने एक पाऊल टाकले. तोच वरून एक साळुंकी म्हणाली, "अगं बाई, हा कुठे निघाला?" दुसरी फिस्सकन हसली. सशाचे कान लाल झाले. सगळे जंगल आपल्याकडेच बघते आहे असे त्याला वाटले. तो गर्रकन वळला आणि मोरापुढे खडा टाकून मोकळा झाला.

 टिटवी पिल्लांना घेऊन टेकाड उतरली.

दिवसभर सशाला घास गिळवेना. संध्याकाळी तो धीर करून तळ्याकाठी गेला. आजूबाजूला कोणी नाही ना, हे त्याने आधी नीट पाहून घेतले, आणि हळूच म्हणाला, "टिटवीताई, खरे सांगू? मला तुझाच खेळ आवडला होता. मला रडू आले गं."

टिटवीने मान वर केली. "हत्तीदादाही हेच सांगून गेले. गवा आला होता, अस्वल आले होते. कोल्हा तर माझ्यापुढे बसून ढसाढसा रडला. तुम्ही पाचवे, ससेभाऊ."

ससा चकित झाला. "म्हणजे आम्हा पाचही जणांना..."

"हो, पाचही जणांना. आणि येताना प्रत्येकाने आधी आजूबाजूला पाहून घेतले," टिटवी म्हणाली. "सकाळी तुमच्यापैकी एकाने जरी धीर केला असता, तर पुढे माझ्या पिल्लांना तरी खेळ करता आला असता."

 ससा खालमानेने परत फिरला.

पुढच्या हिवाळ्यात कातळावर एकट्या मोराचीच सावली नाचली. ती बघता बघता सगळे जंगल एकमेकांच्या कानाशी लागून म्हणत होते, "काही म्हणा, गेल्या वर्षीचा मान टिटवीलाच मिळायला हवा होता!" हे म्हणणाऱ्यांत साळुंक्याही होत्या.

तात्पर्य : जे मनापासून आवडले, ते आवडले असे वेळेवर आणि चारचौघांत म्हणावे. मागाहून कानात सांगितलेल्या कौतुकाने कोणाचे गेलेले परत येत नाही.