डावीकडची शीर

एकदा एका वृद्ध हृदयशल्यविशारदांचे हात थरथरू लागले. त्या दिवसापासून त्यांनी सुरी आपल्या शिष्येच्या हाती दिली आणि स्वतः टेबलापलीकडे उभे राहू लागले.

असेच एकदा टेबलावर पाच महिन्यांचे बाळ होते. हृदयाच्या पडद्यातले छिद्र बुजवायचे होते. शिष्येने छाती उघडली आणि ती थबकली. डोक्याकडून रक्त खाली आणणारी मोठी शीर उजवीकडे असते, तशी होतीच. पण डावीकडेही तशीच एक होती.

"जास्तीची आहे, सर. हिचं रक्त मध्ये मध्ये येत राहील. बांधून टाकते."

विद्यार्थिदशेत शवविच्छेदन करताना धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरा काढून टाकायची रीत होती. शिष्येच्या हाताला ती सवय राहिली होती.

"आवरायची भारी हौस तुला," गुरू म्हणाले. "गाठ मारू नकोस. दोरा नुसता आवळून धर आणि थांब."

एकेक मिनिट मोलाचे, आणि सर थांबायला सांगतात! शिष्येला काही कळेना. तरी तिने दोरा आवळला.

थोड्याच वेळात उशाशी बसलेले भूलतज्ज्ञ म्हणाले, "चेहरा जांभळट पडतोय. डोक्याकडचा दाब चढतोय."

कोणी सांगण्याआधीच तिने दोरा सोडला. बाळाचा रंग हळूहळू परतला.

गुरू शांतपणे म्हणाले, "गर्भात या दोन्ही शिरा प्रत्येकाला असतात. पुढे दोघींमध्ये आडवी वाट होते, रक्त उजवीकडे वळतं आणि डावी मिटून जाते. तुझी मिटली, माझी मिटली. या बाळाची आडवी वाट झालीच नाही. म्हणून ही डावी मिटली नाही. डाव्या बाजूचं सगळं रक्त एकटी वाहतेय. जास्तीची कोण, हे आपण आपल्या छातीवरून ठरवत होतो."

शिष्येने त्या शिरेचे रक्त हृदय-फुप्फुस यंत्राकडे नेण्यासाठी वेगळी नळी घातली आणि छिद्र बुजवले.

बाहेर बाळाची आई उभी होती. छिद्र बुजल्याचे आणि डावीकडे आणखी एक शीर सापडल्याचे शिष्येने सांगितले, तेव्हा तिने आधी विचारले, "सातव्या महिन्यात मी पपई खाल्ली होती. त्यामुळे तर नाही ना झाली ती शीर?"

"पपईचा काही संबंध नाही, ताई."

"मग काढलीत ना?"

"नाही. आधी धरून पाहिली. तिच्यावाचून त्याचं चालत नाही."

आईने पदराने कपाळ पुसले. "बरं झालं, तिला आधी विचारलंत."

 विचारायचे शिष्येला सुचलेच नव्हते.