बोल्ट बसेना, तेल थांबेना

एक होतं डबकं. केवढं? परातीएवढं. कुठं? गॅरेजातल्या नळाखाली.

डबक्यात राहायची ठुमी बेडकी. आणि ठुमीची सात बाळं. बाळांना पाय नव्हते, नुसत्या शेपट्या. सुळुक इकडे, सुळुक तिकडे.

एक दिवस गॅरेजात आली लाल गाडी. तिचं तेल बदलायचं होतं. हणमंत मिस्त्री गाडीखाली शिरले. बोल्ट काढला. जुनं तेल भळभळ भळभळ, सगळं गेलं. मग बोल्ट परत लावला. हाताने फिरवला, एकदा, दोनदा. आता पान्याने घट्ट आवळायचा. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "चहा आला!"

मिस्त्री उठले. फुर्र फुर्र चहा प्यायले. वरून नवं तेल ओतलं. आणि काचेवर खडूने खूण केली. खूण म्हणजे काय? खूण म्हणजे काम झालं!

पण बोल्ट कुठं आवळला होता? तो राहिलाच की!

गाडी नळाशेजारी उभी केली. आणि टिप. टिप. टिप. चिकट चिकट तेल थेट डबक्यात. बाळं वर यायची, तोंड उघडायची, तर तोंडात तेल! थू थू थू! शेपट्या हळू झाल्या.

ठुमी निघाली पचक पचक, पचक पचक. गेली गाडीकडे.

"गाडीबाई, गाडीबाई, तेल थांबव ना! माझी बाळं कुठं जातील?"

गाडी म्हणाली, "मी नाही थांबवणार. बोल्ट बसेल, तर थांबवीन."

ठुमी निघाली पचक पचक, पचक पचक. गेली बोल्टाकडे.

"बोल्टदादा, बोल्टदादा, घट्ट बस ना!
गाडी ऐकेना,
तेल थांबेना,
माझी बाळं कुठं जातील?"

बोल्ट म्हणाला, "मी नाही बसणार. पाना फिरेल, तर बसेन."

ठुमी निघाली पचक पचक, पचक पचक. गेली पान्याकडे.

"पानेभाऊ, पानेभाऊ, गरगर फिर ना!
बोल्ट बसेना,
गाडी ऐकेना,
तेल थांबेना,
माझी बाळं कुठं जातील?"

पाना म्हणाला, "मी नाही फिरणार. मिस्त्री उठतील, तर फिरेन."

मिस्त्री कुठं होते? दुसऱ्या गाडीखाली, उताणे. ठुमी गेली पचक पचक, पचक पचक.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, उठा ना!
पाना फिरेना,
बोल्ट बसेना,
गाडी ऐकेना,
तेल थांबेना,
माझी बाळं कुठं जातील?"

मिस्त्री म्हणाले, "मी नाही उठणार. काचेवर खूण आहे! शेठ बोलतील, तर उठेन."

शेठ गॅरेजचे मालक. खुर्चीत बसलेले, पाय हलवत. ठुमी गेली पचक पचक, पचक पचक.

"शेठ, शेठ, बोला ना!
मिस्त्री उठेना,
पाना फिरेना,
बोल्ट बसेना,
गाडी ऐकेना,
तेल थांबेना,
माझी बाळं कुठं जातील?"

शेठ म्हणाले, "मी नाही बोलणार. काचेवर खूण आहे! गाडीवाली ताई बघेल, तर बोलेन."

ताई बाकावर बसली होती. पांढरीशुभ्र साडी, हातात फोन. ठुमी गेली पचक पचक, पचक पचक. पाय दुखले, तरी गेली.

"ताई, ताई, गाडीखाली बघ ना!
शेठ बोलेना,
मिस्त्री उठेना,
पाना फिरेना,
बोल्ट बसेना,
गाडी ऐकेना,
तेल थांबेना,
माझी बाळं कुठं जातील?"

ताई म्हणाली, "मी नाही बघणार. काचेवर खूण आहे!" आणि बसली फोनमध्ये बघत.

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नाही. ठुमीला आलं रडू. मग आला राग. असा राग, असा राग, की दोन्ही गाल टम्म फुगले!

ठुमीने डबक्यात मारली उडी, डुबुक! अंगभर तेल माखून घेतलं. डोळे चुरचुरले. चुरचुरू देत! तशीच गेली आणि उडाली ताईच्या साडीवर.

पचाक! एक डाग.
पचाक! दोन डाग.
पचाक, पचाक, पचाक!

"अगं बाई! माझी साडी! हे तेल आलं कुठून?" ताईने बघितलं गाडीखाली. टिप टिप टिप टिप!

मग काय!
ताईने बघितलं, ताई ओरडली.
शेठ बोलले.
मिस्त्री उठले.
पाना फिरला, कर्र कर्र.
बोल्ट बसला, गच्च!
गाडीने ऐकलं.
तेल थांबलं.

किती वेळ लागला? एक, दोन, तीन. बस्स, एवढाच.

शेठ म्हणाले, "चूक मिस्त्रींची." मिस्त्री म्हणाले, "चूक चहाची." ताई म्हणाली, "माझी साडी!" बाळांचं कुणी काही बोललंच नाही.

ठुमी मिस्त्रींच्या पायापुढे बसली. हलेना. "माझं पाणी द्या," म्हणाली.

मिस्त्री वाकले. डबक्यात बघितलं. सात बाळं, मलूल. मग हळूच म्हणाले, "चूक माझीच गं."

त्यांनी घमेलं धुतलं. नळाचं स्वच्छ पाणी भरलं. ओंजळीने एकेक बाळ आत सोडलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सुळुक, सुळुक, सगळी पळाली. सातवं मात्र हलेना.

ठुमी बघत राहिली. बघत राहिली.

आणि... सुळुक!

मिस्त्री म्हणाले, "ठुमे, आता तरी हस की!"

ठुमी नाही हसली. का म्हणून हसायचं? एकदा पाना फिरवायचा होता, तर सहा जणांच्या पाया पडावं लागलं! ती घमेल्याच्या काठावर बसली, सगळ्यांकडे पाठ करून.

गोष्ट संपली. ठुमीचा राग अजून नाही संपला.